पाठ फिरवून ऐकलेले दोन अ‍ॅम्प

धुळ्यात लग्नाच्या बँडचे अ‍ॅम्प दुरुस्त करणारा एक माणूस मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझ्याकडे एकाच नावाच्या गिटार अ‍ॅम्पचे दोन अवतार होते, एक जुना आणि एक नवा. जुन्याचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज नव्याला येतच नाही, हे माझं ठाम मत. नवा विकायचं ठरवूनच मी जळगावहून दोन्ही घेऊन गेलो होतो. विकण्याआधी एकदा तपासून हवे होते, एवढंच.

त्याने तळहात पँटला पुसला आणि ताप बघावा तसा दोन्ही अ‍ॅम्पवर ठेवला. माझ्या गिटारकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. फळीवरचा वरातीतला बँजो काढला आणि म्हणाला, "पाठ फिरवा."

एकच चाल त्याने दोनदा वाजवली. दुसऱ्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

"हाच जुना!" मी ओरडलो.

वळून पाहिलं, तर बँजोची वायर नव्यात होती.

तो हसला नाही. म्हणाला, "भाऊ, तुमना कान चांगला शेतस. डोया मधमा बोलतस."

कान चांगले आहेत, पण डोळे मधे बोलतात! मी नवा ठेवून घेतला आणि जुना विकायला काढला. घ्यायला आलेल्याने आधी त्याचा रंग उडालेला कोपरा कुरवाळला आणि म्हणाला, "जुन्याची बातच वेगळी."

मी त्याला पाठ फिरवायला सांगितलं नाही.