कूलर बंद करा म्हणणारे सर

१४ मे १९७६. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाच्या ग्रंथालयात मी कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होते, तेवढ्यात शेजारच्या प्रयोगशाळेतले सर दारात येऊन उभे राहिले. मे महिन्यात सगळं नागपूर वाळ्याच्या ताट्या भिजवायचं. हे एकटेच लूचे कोरडे वारे सुटले की खूश.

भट्टीत मीठ वितळवायचं, त्यात युरेनियम घालायचं आणि त्यातून वीज सोडायची, हे त्यांचं काम. ओलाव्याचा इतका धसका, की बोलण्याआधीही रुमालाने हात पुसायचे.

“बाई, कूलर बंद करा ना. तुमची ओल झरोक्यातून येऊन राहिली. मीठ पाणी पिते, मंग युरेनियम गाळ होऊन तळाशी बसते. आलेख वाकडाच येऊन राहिला. सारी मेहनत वाया जाईन माझी.”

“अन् मी इथं उकडून मरीन, त्याचं काय?”

“आजचा दिवस फक्त, बाई.”

मी कूलर बंद केला. दुपारभर एका हाताने पुठ्ठ्याचा वारा घेत, दुसऱ्याने नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले. संध्याकाळी सर आलेखाचा कागद नाचवत आले. रेष हवी तशी उमटली होती.

“झालं ना एकदाचं?” मी विचारलं.

त्यांनी हात पुसले. “एकदा झालं, बाई. आता अजून दोनदा असंच आलं, तरच खरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कूलरमधलं पाणी अंगणातल्या कडुनिंबाला घातलं. मग सुटीवर गेलेल्या विभागप्रमुखांची दूरची खोली उघडली आणि त्यांच्या कूलरसमोर ग्रंथालयाचं टेबल मांडलं.