भीमरावच्या जागेची मुलाखत

पर्मनंट माणसाकडे पगार असतो, किस्से नसतात. किस्से सगळे टेम्पररी लोकांकडे! सत्तरच्या दशकात जालन्याजवळ विद्यापीठाच्या ज्वारी संशोधन केंद्रात आम्ही तिघं टेम्पररी होतो: हसनाबादचा भीमराव, वाटूरचा सोपान आणि मी. तिघं जमलो की अजून तेच दळण चालतं.

*

सोपान भोकरदनला मुलगी बघायला गेला. सोबत मी. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "करता काय?"

"ज्वारीवर संशोधन."

"ज्वारी आम्ही बी पिकवतो. नोकरी पर्मनंट हाये का?"

"न्हाई अजून. जागा निघनारे."

"बराबर. मंग पोहे खाऊन घ्या जल्दी, एस्टी जाईल!"

*

मी पीएचडीनंतर फेलोशिपवर पुढचं संशोधन करत होतो. सुट्टीत घरी गेलो तर आईचा चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "डॉक्टर झाला म्हनला व्हतास ना? मंग परत काय शिकून राह्यला? खरं सांग, नापास झाला का?"

*

एकदा संशोधन सहायकाची जागा निघाली. जाहिरातीतली पात्रता वाचून सोपान म्हणाला, "या मापात एकच माणूस बसतो, साहेबांचा भाचा. शर्टाची साइज तेवढी लिहायची राह्यली!"

भाच्यालाच घेतलं. ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली, हे त्याला आम्हीच दाखवलं.

*

केंद्रात माणसं कमी, त्यामुळे भीमराव सगळंच करायचा. ड्रायव्हर रिटायर झाल्यापासून जीपही तोच चालवायचा. त्याची जागा टेम्पररी, म्हणून दरवर्षी मुलाखत. आणि त्या मुलाखतीची तयारीही त्याच्याकडेच! मुलाखत घ्यायला येणाऱ्या साहेबांना स्टेशनवरून आणायचं, चहा द्यायचा, उमेदवारांची नावं पुकारायची.

एकदा व्हरांड्यात जाऊन त्यानं पुकारलं, "भीमराव साळवे!" स्वतःच "हजर" म्हणाला आणि आत गेला.

मुलाखत समितीचे अध्यक्ष वैतागले. "अहो, तुम्ही काय परत आलात? उमेदवाराला पाठवा!"

*

मग ती जागा पर्मनंट झाली. अर्ज करायचं भीमरावचं वय त्या वर्षी संपत होतं. आईबापानं दुसऱ्याच्या रानात राबून त्याला शिकवलेलं. ही संधी गेली तर सगळंच गेलं. भीमरावची मुलाखत सगळ्यांत उत्तम झाली. पण 'निकाल मागाहून' म्हणजे वरून फोन येणार आणि भलत्याचीच वर्णी लागणार, हे आम्हाला पाठ होतं.

सकाळीच अध्यक्षांनी दम भरला होता, "निकाल लागेपर्यंत एकाही उमेदवारानं जागा सोडायची नाही!"

संध्याकाळी त्यांनी व्हरांड्यात येऊन फाइल मिटली. "निकाल मागाहून कळवू. भीमराव, जीप काढा, गाडी चुकेल."

भीमराव व्हरांड्यातल्या बाकावरून हलला नाही. "कशी काढू साहेब? मी उमेदवार हाये. जागा सोडायची न्हाई म्हनले तुम्ही."

"अहो, मग ड्रायव्हरला बोलवा!"

"त्याची जागा बी निघायचीच हाये, साहेब!"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बाकीच्या साहेबांकडे पाहिलं. फाइल पुन्हा उघडली आणि खिसे चाचपले.

भीमरावनं बसल्या जागेवरून आपलं पेन पुढे केलं.