चमकली की दिसते

बॉनेटवर तो उलटा हात ठेवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. मग म्हणायचा, "चमकली की दिसते. दिसली की मेली."

भाट्याच्या रस्त्याला सगळे त्याला हवालदार म्हणत. पोलीस नव्हे, फौजेतला ड्रायव्हर. वयाने माझ्याएवढाच, म्हणून मी कधी अहोजाहो केलं नाही. पेन्शनीत आल्यावर लिलावातून लष्कराची एक मोडकी जीप ट्रकवर घालून घेऊन आला. त्याची बायको म्हणाली, "फौज सुटली, पण भंगार नाय सुटलं."

नऊ वर्षं तो त्या जीपच्या मागे होता. एका स्टेअरिंगसाठी मुंबईच्या तीन खेपा. छत शिवून घेतलं होडीची शिडं शिवणाऱ्याकडून. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाऊ नये म्हणून होडीला लावतात तसं माशाचं तेल खालून फासलं. गाडी बाहेर काढली की आळीतली मांजरं मागे. मी म्हणायचो, "हवालदार, तुझी पलटण निघाली." तो मांजरांना सॅल्यूट ठोकायचा.

रंगासाठी माझ्याकडे आला आणि भांडण सुरू झालं. मी चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या. माझ्या हातच्या रंगात बघून लोक भांग पाडतात. मी ते त्याला सांगितलं.

"मला टक्कल आहे," तो म्हणाला. "रंग मेलेला पाहिजे. शेवाळी. आणि चकाकी अजिबात नको."

"मेलेला रंग माझ्या हातून येत नाही."

"मग मार नि आण."

चार वेळा भांडलो. शेवटी दिला त्याला हवा तसा, तोंड वाकडं करून.

मग तो छातीच्या दुखण्याने महिनाभर कोल्हापूरला इस्पितळात पडला. गाडी माझ्या शेडमध्येच होती. रोज तिच्याकडे बघून मला लाज वाटायची. लोक म्हणतील, म्हातारा संपला. तुम्हीही माझ्या जागी असता तर तेच केलं असतं असं मी तेव्हा म्हणायचो. वरून चकाकीचे दोन हात मारले. आरसा झाला.

हवालदार परत आला, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून. गाडी उन्हात काढली. त्याने बॉनेटवर उलटा हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग खाली चिऱ्यावर बसला.

"सरहद्दीवर माझा एक जोडीदार होता," तो म्हणाला. "लांज्याकडचा. असलीच जीप. साहेब येणार म्हणून मी बॉनेट पुसलं, काच पुसली. तो बोलला, पुसू नको रे. मला वाटलं, आळशी आहे. तो गाडी घेऊन पुढे गेला. ऊन पडलं. समोरच्या डोंगरावरून दुश्मनाला दिसली."

मग म्हणाला, "त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, भावोजी, कसली गाडी होती ती? मी बोललो, एक दिवस दाखवतो. ही नाही दाखवायची. उतरव हे, पेंटर."

मी त्याच दिवशी घासायचा पेपर हातात घ्यायला हवा होता. पण मारलेलं काम उतरवायला आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "आठ दिवसांनी बघू. हातात काम आहे."

हातात काम नव्हतं.

सहाव्या दिवशी हवालदार गेला.

स्मशानातून आलो आणि शेड उघडली. पाण्यात पेपर बुडवून घासायला बसलो. मशीन होतं, पण लावलं नाही. बोटांची सालं निघाली. तेराव्यापर्यंत सगळी चकाकी उतरवली. रोज उलटा हात ठेवून बघायचो. विचारायला कोणी नव्हतं.

मग त्याचा जावई स्टेअरिंगला बसला, मी बाजूला. लांज्याच्या पुढे त्या जोडीदाराच्या वाडीत गेलो. म्हातारी बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे कुठे बसायचे?"

मी ड्रायव्हरची जागा दाखवली. तिने सीटवर हात फिरवला. मग म्हणाली, "रंग मेल्यासारखा झालाय."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या रंगाला असं म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. म्हटलं, "असाच असतो, वहिनी."

"भावोजी नाही आले?"

मी जावयाकडे बघितलं. त्याने सांगितलं. तिने सीटवरचा हात काही काढला नाही. म्हणाली, "दोन दिवस राहू दे इथे."

आम्ही एसटी पकडायला चालत निघालो. वळणावर थांबून मी मागे बघितलं. फणसाच्या बाजूला गाडी लावली होती, अंगावर लख्ख ऊन पडलेलं.

डोळे बारीक करून बघितलं. दिसली नाही.