आमच्या शेतात नसलेली विहीर

सुरुवातीलाच माफी मागतो. या पुरवणीत गेलेल्या माणसांविषयी लिहिणारे त्यांच्या घरचे असतात, मित्र असतात, निदान बरोबर नोकरी केलेले तरी असतात. मी वडनेरे काकांचा कोणीच नाही. मी कॉलेजात शिकतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि माझी लिहिण्याची सवय परीक्षेच्या उत्तरांपुरतीच. शिवाय काकांच्या हातून टाइप झालेल्या एका ओळीमुळे माझी आई तिच्या वडिलांच्या जमिनीचा दावा हरली होती. अशा माणसाविषयी मी लिहावं का, हे मी काकूंनाच विचारलं. दीड महिन्यापूर्वी काका गेल्याचं त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. "लिही रे," त्या म्हणाल्या, "पण ती ओळ लपवू नकोस. त्यांनी लपवली नाही." म्हणून लिहितो आहे... चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आईचं माहेर निफाडकडचं. बाबा गेल्यावर ती मला घेऊन नाशिकला आली, तीन घरी स्वयंपाकाची कामं धरली, आणि काही वर्षांनी आजोबांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा मागायला कोर्टात गेली. कोणत्या कोर्टात ते मुद्दाम सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. आईची साक्ष झाली तेव्हा मी शाळेत होतो. निकाल विरुद्ध गेला. आपला हिस्सा राजीखुशीने सोडल्याचं वादीने स्वतःच कबूल केलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. वकिलांनी अपील केलं आणि ते तारखांवर तारखा घेत पडून राहिलं. लग्नकार्यात गाठ पडली की मामा चारचौघांत म्हणायचे, "आम्ही काय केलं? तीच बोलली ना कोर्टात. कागद हाय आमच्याकडं." आई सुरुवातीला भांडायची. मग गप्प राहायला लागली. एकदा भाकरी थापताना तिने मलाच विचारलं, "बोलले असंन का रे मी तसं? लय घाबरले व्हते त्या दिवशी..." जमीन गेल्याचं दुःख मला समजत होतं. पण आईचा स्वतःच्या बोलण्यावरचा विश्वास उडत चालला होता, आणि त्याला काय करायचं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी ते कागद पहिल्यांदा नीट वाचले. आईला सही येते, पण वाचताना ती अडखळते, आणि इतक्या वर्षांत सगळ्यांनी तिला मतलब तेवढा सांगितला होता. ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती. मी वाचली. "विहिरीच्या पूर्वेकडील माझा हिस्सा मी राजीखुशीने भावांना सोडून दिला आहे." आईने गॅस बंद केला. "विहिरीच्या? आपल्या शेतात विहीर कुठं हाय? आपलं तर कालव्याचं पाणी." मी ओळ पुन्हा वाचली. विहीर तिथेच होती. वकिलांना दाखवलं तर ते म्हणाले, "खाली सही कोणाची आहे? 'वाचून दाखवले, बरोबर आहे' असं लिहिलंय का नाही? कोर्टाचा कागद चुकलाय हे मी कोणाच्या तोंडाने सांगू?" निकालाच्या शेवटी लघुलेखकाचं नाव असतं, तिथे वडनेरे असं होतं. वकिलांच्या कारकुनाने सांगितलं की ते रिटायर होऊन पंचवटीत राहतात.

जाताना मी रागाची वाक्यं पाठ करून गेलो होतो. काकांनी दार उघडलं, बसायला सांगितलं आणि कागद घेऊन गॅलरीतल्या उजेडात गेले. प्रत्येक ओळीखाली बोट धरून त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "तुमच्यात विहीर नाही?" "नाही." "पूर्वी कधी?" "नाही. कालवा आहे." ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ही दुसऱ्या बाईची ओळ आहे. त्याच दिवशी सकाळी तिची साक्ष होती. तीही वाटपाचीच केस. सकाळभर त्या विहिरीवरून वाद चालला होता, म्हणून लक्षात राहिली." माझी एकही पाठ केलेली ओळ मला बोलता आली नाही.

ते घडलं कसं, हे त्यांनी मला त्या दिवशी आणि पुढे कितीतरी वेळा समजावून सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हा न्यायाधीश साहेब सांगायचे आणि ते वहीत शॉर्टहँडमध्ये उतरवायचे. मग टाइपरायटरवर कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. शेवटच्या ओळीत चूक झाली तर अख्खं पान पुन्हा. "बोटं सुजायची," ते म्हणाले, "पण एकही ओळ अशी नसायची की जी हाताखालून गेली नाही." कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना आनंदच झाला होता. खोडायचं नाही, कार्बन नाही, पाठ दुखणं कमी. मग हळूहळू शॉर्टहँडची वही कपाटात गेली, साहेब बोलतील ते थेट स्क्रीनवर. काम लवकर होतंय म्हटल्यावर कामही वाढलं. जिथे दिवसाला दोन साक्षी व्हायच्या तिथे पाच व्हायला लागल्या. मग प्रत्येक साक्षीसाठी नवीन पान कोण उघडणार? आधीच्या साक्षीची फाइल घ्यायची, नाव, वय, गाव बदलायचं, मधला मजकूर पुसायचा आणि पुढे टाइप करायचं. सगळेच तसं करायचे. 'वाचून दाखवले, बरोबर आहे' हेसुद्धा त्या फाइलीत आधीपासून असायचंच. आईची साक्ष त्या दिवशी शेवटची होती. वाचून कोणी दाखवली नाही. मधला मजकूर पुसताना एक ओळ राहिली. मी म्हटलं, "म्हणजे कॉम्प्युटरमुळे झालं." काका वैतागले. "त्याला कशाला नावं ठेवतोस? त्याने काय केलं? टाइपरायटरवर ही चूक झालीच नसती, हे खरं. पण फाइल मी उचलली. थकलो होतो... ते काही कारण नाही. पण थकलो होतो."

वकिलांनी त्या दुसऱ्या बाईच्या साक्षीची नक्कल काढली. तीच ओळ, शब्दाला शब्द. आता काकांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "बाबा, या वयात चौकशी लागली म्हणजे? पेन्शन अडकली म्हणजे?" काका म्हणाले, "लागू दे. त्यांच्या शेतात विहीर मी खणलीये रे." काकू हसल्या आणि लगेच आत निघून गेल्या.

कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टाइप करून देणारे बसतात. तिथल्या पोराने काकांना पाहिलं आणि फाइल उघडलीसुद्धा. "काका, फॉरमॅट तयार हाय. नाव बदललं का झालं." काका म्हणाले, "बंद कर ते. कोरं पान उघड." "अहो, दोन मिनिटांचं काम..." "कोरं उघड म्हणतो ना." पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "रिटायर झाले, पण सायबाची सवय नाय गेली." काकांनी एकेक वाक्य सांगितलं. "ही चूक माझी आहे, साक्षीदाराची नाही," हे वाक्य त्यांनी त्याला दोनदा वाचायला लावलं. दोन तास लागले. उन्हाने त्यांचा चेहरा उतरला होता. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "आता म्हणे साहेब बोलतात आणि अक्षरं आपोआप उमटतात. चांगलंय. पण नंतर वाचतं कोण, ते विचारून ये कधीतरी."

सही झाल्यावर ते एकदा आमच्या खोलीवर आले. मला वाटलं होतं आई बोलेल, निदान एवढी वर्षं काय सोसलं ते तरी सांगेल. काकांनी हात जोडले. आई गडबडून म्हणाली, "असं नका करू साहेब. त्या दिवशी मला चक्कर आली व्हती, तुम्हीच पाणी दिलं व्हतं." काकांना ते आठवत नव्हतं. आईने चहा टाकला. निघताना आईने विचारलं, "साहेब, म्हणजे मी बोलले नव्हते ना तसं?" काका दारात थांबले. "नाही, ताई. एक शब्दसुद्धा नाही." आई आत गेली आणि तिने कपबश्या घासायला घेतल्या. नळ बराच वेळ चालू होता.

त्यानंतर वर्षभर तारखा पडल्या. काकांची तब्येत ढासळत गेली, पण दर शनिवारी फोन असायचा, "वेबसाइटवर आलं का काही?" मी म्हणायचो, "नाही काका." ते म्हणायचे, "बरं," आणि फोन ठेवायचे. युक्तिवाद संपले, निकाल राखून ठेवला, आणि त्या आठवड्यात शनिवारी फोन आला नाही. मीही केला नाही. परीक्षा होती... हे कारण नाही, हे मला कळतं. मंगळवारी काकूंचा फोन आला.

परवा वकिलांच्या कारकुनाने मोबाइलवर निकाल पाठवला. मी तो बसस्टँडवर उभा राहून वाचला आणि घरी येऊन आईला पुन्हा वाचून दाखवला, सगळा, एकही ओळ न गाळता. काकांचं नाव त्यात नाही, "संबंधित लघुलेखक" एवढंच आहे. संबंधित लघुलेखकाने चुकीची जबाबदारी स्वतःवर घेतली आहे, ती ओळ साक्षीचा भाग धरता येणार नाही, आधीचा निकाल रद्द करून दावा खालच्या कोर्टाकडे परत पाठवण्यात येत आहे, वादीची साक्ष नव्याने नोंदवावी.

"म्हणजे जिंकलो का?" आईने विचारलं.

"नाही. तुला पुन्हा उभं राहावं लागेल."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय पोटाशी घेतले. किती वर्षं लागतील असं काही तिने विचारलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "या टायमाला सावकाश बोलंन मी. आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करनार नाय."