करिश्माची चौथी फेरी

आमच्या नात्यागोत्यात थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी फुकट मिळवलेली नाही. धानोऱ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक फॉर्म भरायला येतात आणि हसत जातात. करिश्माची गोष्ट मात्र मी त्या दुकानात कधी काढली नाही. काढायला तोंड नव्हतं.

करिश्मा माझ्या लालसूमामाची मुलगी, माझ्याच वयाची. आम्हा गोंडांत आतेभाऊ आणि मामेबहीण यांनी एकमेकांची चेष्टा करायचीच असते. समोरच्यानं कितीही छळलं तरी राग धरायचा नाही, उलट परतफेड करायची. ती माझ्या चपला बोडीत, म्हणजे गावतळ्यात, फेकायची, मी तिच्या वेणीला गोखरू चिकटवायचो. मोठी माणसं बघून हसायची.

नववीत गणिताच्या सरांनी तास उरला म्हणून एक कोडं सांगितलं. ग्रीस देशातल्या कुणा जुन्या विचारवंताचं होतं म्हणे. कासव थोडं पुढून निघालं, तर पळणारा त्याला कधीच गाठू शकत नाही. तो कासवाच्या जागी पोचेपर्यंत कासव जरा पुढं सरकलेलं असतं, आणि हे काही संपत नाही. करिश्मा शाळेत सगळ्यात जोरात पळणारी. मी मागं वळून म्हणालो, "करिश्मे, तुले तं कासवबी सापडत नाई!" मधल्या सुट्टीत तिनं मला पटांगणभर पळवलं, धरलं आणि पाठीत असा धपाटा घातला की डोळ्यांत पाणी आलं.

"हे घे तुयं कोडं," म्हणाली.

दहावी झाली आणि मामी वारली. करिश्माचं शिक्षण तिथंच थांबलं. धाकट्या भावाला तिनं वाढवलं, धानाची रोवणी केली, उन्हाळ्यात मोहफुलं वेचली, विड्यांसाठी तेंदूची पानं तोडली. पुढं बाहेरून बारावी काढली. बत्तीस वर्षांची असताना एक दिवस दुकानात आली आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "पोलीस भरतीचा फॉर्म भर. पुढच्या वेळी मायं वय निघून जाईन." म्हणजे ही तिची पहिली भरती, आणि शेवटचीही.

सराव बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालायचा. पळताना तिला फेऱ्या मोजता येत नसत, जीव सगळा पायांत. मोजणं माझ्याकडं. मी शेवटच्या खुणेला चपला ठेवायचो आणि ती जवळ आली की उचलून दहा पावलं पुढं न्यायचो. "कासव पुढं गेलं व!" कधी मुद्दाम जास्त फेऱ्या सांगायचो. ती शिव्या देत तेवढ्याही पळायची, मग ढेकूळ घेऊन माझ्या मागं लागायची. तिचा दम वाढत होता. मला वाटायचं, यात माझाही वाटा आहे.

भरतीच्या दिवशी मैदानाच्या चार फेऱ्या होत्या. मी कुंपणाला चिकटून उभा. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं होती. माझ्यासमोरून जाताना तिनं नुसतं डोळ्यांनी विचारलं. मी दोन बोटं वर केली आणि ओरडलो, "दोन बाकी!"

का ओरडलो? सतरा वर्षांची खोड, दुसरं काही नाही. वाटलं, ती ओळखेल, हसेल, आणखी जोर करेल. पण त्या दिवशी मी चेष्टा करणार नाही, असं तिनं धरलं होतं. तिनं वेग आवरला, दम राखून ठेवला. तिघीजणी तिला मागं टाकून गेल्या. रेषा ओलांडूनही ती पळतच होती. शेवटी एका महिला पोलिसानं तिचा दंड धरून थांबवलं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. माझी दोन बोटं अजून वरच होती.

संध्याकाळी लागलेल्या यादीत ती एका गुणानं मागं राहिली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मले शिव्या दे." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आतेभावावर राग धराचा नसते. घरी काय सांगाचं ते तू सांग. मी तुयी चुगली करनार नाई."

अंगणात मामानं विचारलं, "काय झालं?" मी तांब्या तोंडाला लावला. पाणी संपलं तरी खाली ठेवला नाही. वाट बघून शेवटी तीच म्हणाली, "दम उखडला, बाबा."

मामा मटकन खाली बसला. "मायामुळं झालं. भरती तोंडावर, अन् मी तुले उन्हात पानं तोडाले नेलो."

त्यानंतर दोन उन्हाळे मामानं तिला तेंदूच्या जंगलात येऊ दिलं नाही. साठीचा माणूस एकटा वाकून पानं तोडायचा. येईल त्याला सांगायचा, मायामुळं पोरगी राह्यली. मी समोर बसून मान हलवायचो. हो, हलवायचो. करिश्मा आश्रमशाळेत रोजंदारीवर भांडी घासायला लागली, पहाटे तिथल्या मुलींकडून पळायचा सराव करून घ्यायला लागली. मामा हे बोलला की ती एकदा माझ्याकडं बघायची आणि उठून आत जायची.

यंदाच्या मे महिन्यात मामाच्या अंगणात सगळे पानांची पुडकी बांधत बसलो होतो. मामानं पुन्हा तेच सुरू केलं. माझ्यानं ऐकवेना. सगळं सांगून टाकलं, दोन बोटांसकट.

सगळे खो खो हसले. मामाचा धाकटा, सुनिल, म्हणाला, "आता हे नवी थाप ऐका!" मी शपथ घेतली तेव्हा तर आणखीच हसले.

करिश्मानं हातातली पानं खाली ठेवली. "हसू नका. तो खरं बोलून राह्यला."

मामानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिला हळूच विचारलं, "मंजे पानं तोडून तुया दम नव्हता गेला?"

"नाई, बाबा."

मामानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पुसतच राहिला. मग माझ्याकडं वळला. आता मारेल म्हणून मी मान खाली घातली.

"मंग दोन वर्षं मले काऊन सांगितलं नाई, बापा?" त्यानं विचारलं.