शाफ्टवरची रेघ

मोटारीचा कुठलाही शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, हातात आला की मिस्त्री आधी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे मिटून. नख अडलं नाही तर म्हणायचे, "हाव, जीव हाय अजून." अडलं तर समोरच्याकडे असं पाहायचे की बस! तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याच्या दुकानाची पायरी चढतानाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

नांदुऱ्यात स्टेशनच्या बाजूला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. मी धरणावर मच्छीमार सोसायटीची होडी चालवतो. वल्ही मारून मारून माझे खांदे पार कामातून गेले होते आणि सोसायटीत तसं सांगायची लाज वाटत होती. तेवढ्यात भंगारात होडीच्या पाठीला अडकवायचं एक जुनं इंजिन मिळालं, माझ्याहून वयानं मोठं. ते मी मिस्त्रींकडे नेलं.

त्यांनी खालचा भाग उघडला, तर गिअरचं तेल ताकासारखं पांढरं. "पानी शिरलं. सील गेले," म्हणाले. पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथं पत्र्यात बसवलेल्या रबराच्या दोन कड्या असतात, तेच सील. एक पाणी आत येऊ देत नाही, दुसरी तेल बाहेर जाऊ देत नाही. त्या कड्यांचा पार दगड झाला होता. मी पेचकस खुपसायला गेलो तर हातावर चापट बसली.

"काऊन बे, कांदे काढून राह्यला का? शाफ्टले एक रेघ पडली त नवा सीलही गळते. अन हा शाफ्ट आता कुठी भेटत नाई."

त्यांची रीत वेगळी. सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन बारीक छिद्रं पाडायची, त्यात दोन स्क्रू पिळायचे आणि पकडीनं थोडं इकडून, थोडं तिकडून ओढायचं. पहिली कडी निघायला अर्धी दुपार गेली. दुसरीला छिद्र पाडताना ड्रिलचं टोक घसरलं.

मिस्त्रींनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला काहीच दिसलं नव्हतं. ते गप्प राहिले असते तर मला कधी कळलंही नसतं.

"माह्या हातानं रेघ पडली, भाऊ," ते म्हणाले. "थकलो आता. हात आयकत नाई."

एरवी मी 'बे' होतो. त्या एका 'भाऊ'नं मला कसंतरीच झालं.

नवी कडी त्यांनी जरा बाहेर बसवली, म्हणजे तिची कड रेघेवर न येता कोऱ्या जागी टेकेल. "महिन्यानं तेल काढून पाहजो. पांढरं निघालं त मले सांगजो. लपवू नको."

इंजिन चाललं. माझे खांदे सुटले. महिना झाला, दोन झाले. त्यांचा फोन यायचा, "पाह्यलं का?" मी म्हणायचो, "उद्या पाहतो जी." खरं सांगू? मला भीती वाटत होती. पांढरं निघालं तर त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो? शिवाय दिवसभर पाण्यावर काढल्यावर एक स्क्रू उघडायचाही कंटाळा यायचा. असले कंटाळे फार महाग पडतात हो.

मग फोन यायचे थांबले. मिस्त्री गेल्याचं नांदुऱ्याच्या एका मासे घेणाऱ्याकडून कळलं.

त्याच दिवशी होडी काठाला लावून तेल काढलं. एका बाटलीत भरलं आणि त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. नवऱ्याच्या दुकानात त्या कधी गेल्या नव्हत्या. इंजिनातलं त्यांना काय कळणार, असं मला वाटलं. मी कोण, हेही त्यांनी विचारलं नाही. बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"पांढरं त नाई न निघालं?"

"नाई जी. साफ हाय."

त्यांनी बाटली दारातल्या उजेडात धरून पाहिली. "रोज इचारत होते," म्हणाल्या, "होडीवाला आला का म्हून." आणि बाटली आत नेऊन त्यांच्या फोटोसमोर ठेवली.