वार : थकली

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, नजर, शकुन यातलं मी काही मानत नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या नवऱ्याची अजूनही टिंगल करते. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहिते.

मी अमरावतीत एका संशोधन प्रकल्पावर काम करते. पोटातल्या बाळाला पोसणारी वार वेळेआधीच निकामी का होते, हा आमचा विषय. लोखंडाला गंज चढतो तसं काहीसं पेशींचंही होतं, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. बाळंतपण झालं की लेबर रूमच्या आया लीलाबाई ट्रेमधून वार आणून देतात, मी तिचे तुकडे बर्फात ठेवते. त्याआधी, तपासणीला आलेल्या बायांचे संमतीचे फॉर्म भरायचे — नाव, गाव, तारीख, वार... त्या शेवटच्या रकान्यात सोम, मंगळ लिहायचं, बस्स.

एका मंगळवारी दुपारी फॉर्म चाळत होते. त्यात अकोल्याची सुषमा, बाळंतपणाला माहेरी बडनेऱ्याला आलेली. आठवा महिना. आधीची दोन्ही लेकरं पोटातच गेलेली. सकाळी तपासून घरी गेली होती, बीपी नॉर्मल, सगळं ठीक. आणि 'वार'पुढे लिहिलं होतं — 'थकली'.

अक्षर माझंच. पण असं काही लिहिल्याचं मला अजिबात आठवेना.

लीलाबाईंना फॉर्म दाखवून म्हटलं, "बघा, आता मला सुट्टीच हवी! मंगळवार कधी थकतो का?"

त्या हसल्या नाहीत. "म्याडम, मंगळवार असता तं 'थकला' लिवलं असतं. हे 'थकली' हाय. पोरीची वार थकली."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. पण डॉक्टरांना सांगणार काय? शेवटी सुषमालाच फोन लावला.

"बाळ हलतंय ना?"

"हलून राह्यलं ना म्याडम. कावून?"

"काही नाही, फॉर्ममध्ये एक चूक झालीय. उद्या सकाळी याल का?"

धडधडीत थाप मारली.

सकाळी ती आली. मी डॉक्टरांच्या मागे लागून डॉपलर सोनोग्राफी करवून घेतली. नाळेतला रक्तप्रवाह जवळजवळ थांबत आला होता... दुपारीच सिझर झालं. मुलगी, जेमतेम दीड किलोची, पण रडली. मग मीही रडले. लीलाबाईंनी ट्रे आणला, तर वार एवढीशी, कडक, जागोजागी पांढरी पडलेली. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला असता तर—"

नवरा म्हणतो, कामाच्या नादात हात चालला असेल. असेल. पण तपासणीत जे दिसलं नव्हतं ते हाताला कसं कळलं?

आमच्याकडे नियम आहे — फॉर्ममधली चूक एका रेघेने खोडायची, शेजारी सही करायची. घरी जायच्या दिवशी सुषमा लेकीला छातीशी धरून मुद्दाम माझ्या टेबलापाशी आली.

"म्याडम, थे फॉर्मातली चूक दुरुस्त केली का?"

"करते," म्हटलं.

अजून केलेली नाही.